स्टीव्ह डालकॉव्स्की: मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेला 'सर्वात वेगवान' पिचर

उलटी_गुगली

वेगवान गोलंदाजांच्या धाग्यावर शोएब, ली, टेट यांच्यावरून जुंपली होती तेव्हा मी मध्येच 'डालकॉव्स्की' असं नाव टाकून पळ काढला होता. दोघातिघांनी हा कोण म्हणून विचारलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

स्टीव्ह डालकॉव्स्की. जन्म १९३९, न्यू ब्रिटन, कनेटिकट. डावखुरा. उंची पाच फूट अकरा इंच, म्हणजे पिचरच्या मानाने बेताचीच, आणि अंगानेही काही पैलवान नव्हे. १९५७ साली शाळा संपते न संपते तोच बाल्टिमोर ओरिओल्सने ४,००० डॉलर बोनस देऊन त्याला करारबद्ध केलं. १९६५ पर्यंत तो व्यावसायिक बेसबॉल खेळला. या नऊ मोसमांत मेजर लीगच्या (सर्वात वरचा स्तर, त्याखालचे सगळे स्तर म्हणजे मायनर लीग) एकाही अधिकृत सामन्यात त्याने चेंडू टाकला नाही. आणि तरी त्याला जवळून पाहिलेली माणसं शेवटपर्यंत सांगत राहिली की असा वेग पुन्हा दिसला नाही. त्यात कॅल रिपकन सीनियर आहेत, जे मायनर लीगमध्ये त्याचे कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारे, होते (सलग २,६३२ सामने खेळणाऱ्या कॅल रिपकनचे वडील). त्यात अर्ल वीव्हर आहे, ज्याने पुढे ओरिओल्सचा मॅनेजर म्हणून १९७० ची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि नोलन रायनसकट सगळे तोफखाने पाहिले.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी एवढंच: पिचर साठ फूट सहा इंचांवरून टप्पा न पाडता चेंडू फेकतो. बॅटर उभा राहतो तिथली प्लेट सतरा इंच रुंद. त्या रुंदीत आणि बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत चेंडू आला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तो स्ट्राइकआउट. चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. नऊ इनिंगमध्ये तीन-चार वॉक चालून जातात. सात-आठ झाले की मॅनेजर उठून माउंडकडे (पिचर उभा असतो तो उंचवटा) निघतो.

आता पहिला मोसम बघा. १९५७, किंग्सपोर्ट, टेनेसी. मायनर लीगच्या तेव्हाच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, क्लास डी. ६२ इनिंग, १२१ स्ट्राइकआउट, १२९ वॉक. ३९ वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरच्याही हाती न लागलेले चेंडू. आणि या ६२ इनिंगमध्ये त्याला हिट (फटका मारून बॅटर बेसवर पोचला तर हिट) बसले किती? फक्त २२. तरी एक सामना जिंकला, आठ हरला. समोरच्या संघाला बॅट फिरवायची गरजच नव्हती, नुसतं उभं राहायला धैर्य हवं. त्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी एका सामन्यात त्याने २४ जणांना स्ट्राइकआउट केलं, १८ वॉक दिले, चौघांच्या अंगावर चेंडू घातला आणि ६ वाइल्ड पिच टाकले.

१९६०, स्टॉकटन, कॅलिफोर्निया: १७० इनिंग, २६२ स्ट्राइकआउट, २६२ वॉक. टंकताना चूक झालेली नाही, दोन्ही आकडे खरंच सारखे आहेत.

दंतकथांना तर तोटा नाही. पैजेवर लाकडी कुंपणातून चेंडू आरपार घातला. अंपायरचा मुखवटा फोडून त्याला मागे उडवलं. दिग्गज बॅटर टेड विल्यम्स सरावात एक चेंडू बघून पिंजऱ्याबाहेर पडला, पुन्हा नको म्हणाला. यातलं किती खरं हे ज्याचं त्याने ठरवावं. मला या माणसाबद्दल कुतूहल आहे ते १९६२ मुळे, आणि नेटवर त्याच्यावर जे काही लिहिलेलं सापडतं त्यात ते साल दोन ओळींत उरकलेलं असतं.

१९५७ ते ६१ ही पाच वर्षं संघाने त्याला 'सुधरवण्यात' घालवली. मोठ्या संघाचा मॅनेजर पॉल रिचर्ड्स पिचर घडवण्यासाठी नावाजलेला होता. लाकडी चौकटीत फेकायला लावलं, प्लेटच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी केली, सामन्याआधी दमेपर्यंत फेकायला लावलं की थकून तरी सरळ टाकेल. परिणाम? १९६१ मध्ये १०३ इनिंगमध्ये १९६ वॉक.

१९६२ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यात एल्मायराला आला. मॅनेजर अर्ल वीव्हर, तेव्हा जेमतेम तिशीतला, स्वतः मेजर लीगमध्ये कधी न खेळलेला. त्याने शिकवणं जवळजवळ बंदच केलं. दोनच चेंडू ठेव, फास्टबॉल आणि स्लायडर (शेवटी वळणारा). कडेला टाकायला जाऊ नकोस, मधोमध टाक, तुझा मधला चेंडूही कोणाला लागणार नाही. वेग थोडा कमी ठेव. दोन स्ट्राइक झाले की मी शिट्टी मारीन, मग काय ते सगळं लाव. त्या मोसमात १६० इनिंग, १९२ स्ट्राइकआउट, ११४ वॉक, ६ शटआउट (समोरच्या संघाला एकही धाव न देता संपवलेले सामने), ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यात जाणाऱ्या धावा) ३.०४. आयुष्यात पहिल्यांदा इनिंगपेक्षा वॉक कमी.

१९६३ च्या वसंत सरावाला तो ओरिओल्सच्या मुख्य संघाबरोबर मायामीला होता. संघात जागा नक्की झाली, गणवेशाचं मापही घेतलं असं म्हणतात. मार्चमध्ये यांकीजविरुद्धच्या सराव सामन्यात पिचिंग करताना कोपरात काहीतरी तुटल्यासारखं झालं. वेग गेला तो गेलाच. पुढे दोन-अडीच वर्षं या गावातून त्या गावात आणि २६ व्या वर्षी खेळ संपला.

माझं म्हणणं असं: हा माणूस वाया गेला तो दारूने किंवा नशिबाने, असं सगळे लिहितात. मला वाटतं की पाच वर्षं चुकीच्या हातांत घालवली, हे त्याहून मोठं कारण आहे. बोला.

नवखी

बाप रे, २६२-२६२! बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण वाचलं सगळं. एक बाळबोध प्रश्न. क्रिकेटचा गोलंदाज एवढा वीस-पंचवीस पावलं पळत येतो आणि हा पिचर जागच्या जागी उभा राहून फेकतो, मग पिचरचा वेग जास्त कसा?

आकडेमोड्या

@नवखी, कोपर. क्रिकेटमध्ये हात पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ देत नाहीत, तसं झालं की तो 'थ्रो'. पिचरला ती बंदीच नाही. कोपर वाकवून झटक्यात सरळ करणं हाच तर वेगाचा मोठा भाग आहे. शिवाय बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. पिचर उंचवट्यावरून उतारावर पाय टाकत फेकतो, तोही फायदा. आता कोपर असं वापरलं की ते तुटतंही लवकर, पण तो मुद्दा पुढे येईलच.

धागा छान. वाचतोय.

खडूस_आजोबा

लेख चांगला, पण थोडं पाणी ओततो.

'सर्वात वेगवान' हे कुठल्या मोजमापावर? अमेरिकन लोक ताशी ११० मैल म्हणतात, काही तर त्याच्याही पुढे जातात. ११० म्हणजे १७७ किलोमीटर. आज प्रत्येक मैदानावर रडार आणि कॅमेरे आहेत, जगभरातून निवडून आणलेली साडेसहा फुटी पोरं आहेत, तरी कोणी तिथे पोचलेलं नाही. आणि १९५८ साली हा पठ्ठ्या पोचला होता, फक्त कोणी मोजलं नाही? आमच्या लहानपणी गावोगावी एक असा गोलंदाज असायचा ज्याचा चेंडू दिसायचा नाही. दिवे नव्हते, आणि खेळ संध्याकाळपर्यंत चालायचा.

उलटी_गुगली

आजोबा, मोजलं होतं. एकदाच. १९५८ मध्ये लष्कराच्या अॅबरडीन प्रूव्हिंग ग्राउंडवर, जिथे तोफगोळ्यांचा वेग मोजतात. आकडा आला ताशी ९३.५ मैल.

खडूस_आजोबा

म्हणजे १५० किलोमीटर! मग संपलं की. १५० तर आज आपल्याकडचे निम्मे वेगवान गोलंदाज टाकतात.

आकडेमोड्या

निम्मे नाही हो आजोबा, पण असो. 😀

९३.५ हा आकडा एकटा वाचायचा नाही. तिथे माउंड नव्हता, सपाट जमिनीवरून फेकायचं होतं. आदल्याच दिवशी तो सामना खेळलेला. आणि चेंडू यंत्राच्या छोट्या चौकटीतून जायला हवा, तरच मोजला जाणार. हा कुठला चौकटीत टाकतोय! पाऊण तासाच्या आसपास नुसता फेकत होता तेव्हा कुठे एक चेंडू धड मोजला गेला. तोपर्यंत हातात काय उरलं असेल?

शिवाय आज रडार चेंडू हातातून सुटल्या सुटल्या वेग टिपतं. तेव्हा पुढे, यंत्रापाशी पोचल्यावर टिपला जायचा. हवेतून जाताना चेंडू प्लेटपर्यंत साधारण आठ मैलांचा वेग गमावतो. बॉब फेलरचा १९४६ मधला ९८.६ चा आकडा याच जुन्या पद्धतीचा. नोलन रायनचा १९७४ चा १००.९ सुद्धा प्लेटच्या अलीकडे मोजलेला. आरोल्डिस चॅपमनचा २०१० चा १०५.१ हा नव्या पद्धतीचा. हे तिन्ही आकडे एका रांगेत ठेवून 'बघा वेग कसा वाढत गेला' म्हणणारे लेख दर वर्षी येतात, ते वाचून डोकं फिरतं.

तर डालकॉव्स्कीचा खरा वेग? ९३.५ मध्ये हे सगळं धरलं तर शंभरच्या वर सहज जातो. ११० मात्र मी मानणार नाही. आजोबांशी तेवढ्यापुरता सहमत.

जाता जाता: दोन वेगवेगळी अॅबरडीन आहेत. यंत्राचं अॅबरडीन मेरीलँडमध्ये. डालकॉव्स्की १९५८ आणि ५९ मध्ये ज्या अॅबरडीन फेझंट्सकडून खेळला ते साउथ डकोटात, दोन हजार किलोमीटर लांब. नेटवर सर्रास घोळ घालतात.

हार्टफर्डची_माई

न्यू ब्रिटन! आमच्यापासून वीस मिनिटांवर. या भागात निम्मं आयटी मराठी आहे (विमा कंपन्यांची कृपा), पण हे नाव इथल्या मराठी मंडळात कोणी उच्चारलेलं ऐकलं नाही.

गाव हत्यारांचं. स्टॅन्ली कंपनीचे पाने, टेप, हातोड्या, सगळं मूळ इथलं. पोलिश वस्ती मोठी, ब्रॉड स्ट्रीटवर अजून पोलिश बेकऱ्या आहेत आणि दुकानांच्या पाट्याही त्याच भाषेत. गावाचा मायनर लीग संघ होता, रॉक कॅट्स. तो २०१५ नंतर हार्टफर्डला गेला आणि यार्ड गोट्स झाला. न्यू ब्रिटनच्या लोकांसमोर तो विषय काढायचा नाही, एवढं मी शिकलेय.

मला मात्र वेगापेक्षा दुसरंच खटकलं. माझा लेक लिटल लीगमध्ये पिचिंग करतो. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंच्या वर टाकू देत नाहीत. एक काकू हातात टिकटिक यंत्र घेऊन बसलेली असते, ८५ झाले की मुलगा रडो की पालक भांडो, बाहेर. तर त्या २४ स्ट्राइकआउट, १८ वॉकच्या सामन्यात याने चेंडू किती टाकले असतील?

आकडेमोड्या

माई, माझ्या आवडीचा प्रश्न विचारलात.

२४ स्ट्राइकआउट गुणिले ३ झाले ७२. १८ वॉक गुणिले ४, तेही ७२. मिळून १४४. चौघांच्या अंगावर चेंडू, किमान एकेक धरला तर १४८. म्हणजे प्रत्येक स्ट्राइकआउट तीनच चेंडूंत झाला, प्रत्येक वॉक सलग चार बॉलवर झाला आणि बाकी कोणी बॅटर आलाच नाही असं मानलं तरी १४८! प्रत्यक्षात फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) असतात, तीन बॉल-दोन स्ट्राइकपर्यंत गेलेले बॅटर असतात. दोनशेच्या पुष्कळ वर गेला असणार. वय वर्षे १८.

१९६० च्या मोसमाला हाच हिशोब लावला तर नुसत्या स्ट्राइकआउट आणि वॉकचे मिळून किमान १,८३४ चेंडू. आज शंभरी आली की पिचर बदलतात.

हार्टफर्डची_माई

१८ वर्षांच्या पोराला दोनशे चेंडू टाकायला लावले आणि वर सामन्याआधी 'दमवण्यासाठी' आणखी. मग कोपर १९६३ मध्ये तुटलं यात नवल ते काय? ते १९५७ पासूनच तुटत होतं.

डावखुरा

अगदी! +१

आणि तुटल्यावर उपाय काहीच नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट बदलण्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली १९७४ मध्ये. त्याच्या आधी 'हात मेला' म्हणायचे आणि घरी पाठवायचे. डालकॉव्स्कीचं नेमकं काय तुटलं हे आज कोणी छातीठोक सांगू नये, पण ती शस्त्रक्रिया तेव्हा असती तर निदान कोणीतरी बघितलं असतं.

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला माझ्याकडून पुस्ती. सँडी कोफॅक्स. तोही डावखुरा, तोही भन्नाट वेगाचा, तोही सुरुवातीला चेंडू कुठे जाईल याचा नेम नसलेला. फरक पैशाने पडला. तेव्हा नियम होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला तर त्या मुलाला दोन मोसम मेजर लीगच्या संघातच ठेवावं लागेल. श्रीमंत संघांनी सगळी पोरं उचलून मायनरमध्ये साठवू नयेत म्हणून. कोफॅक्सला डॉजर्सने १४,००० दिले, म्हणजे तो थेट वर. डालकॉव्स्कीचा बोनस बरोब्बर ४,०००, काठावर. त्यामुळे तो थेट खाली, क्लास डी.

कोफॅक्सची पहिली सहा वर्षंही यथातथाच होती, ३६ विजय, ४० पराभव. १९६१ च्या वसंत सरावात कॅचर नॉर्म शेरी त्याला म्हणाला की एवढा जोर लावू नकोस, थोडा सैल सोड. त्या मोसमात २६९ स्ट्राइकआउट आणि ९६ वॉक. पुढचं सर्वांना माहीत आहे.

म्हणजे शेरीने १९६१ मध्ये कोफॅक्सला जे सांगितलं, जवळजवळ तेच वीव्हरने १९६२ मध्ये डालकॉव्स्कीला सांगितलं. एक हॉल ऑफ फेममध्ये, दुसऱ्यासाठी आपण इथे धागा काढून ओळख करून देतोय.

उलटी_गुगली

डावखुरा, वा! बोनसचा हा कोन माझ्या लक्षातच आला नव्हता.

खडूस_आजोबा

थांबा. सगळे वीव्हरची आरती ओवाळायला लागलात म्हणून बोलतो.

वीव्हरची गोष्ट अशी की त्याने संघातल्या खेळाडूंची बुद्ध्यांक चाचणी करवून घेतली, डालकॉव्स्कीचा आकडा खूपच खाली आला, तेव्हा याला फार सूचना देऊन उपयोग नाही असं त्याने ताडलं. ही गोष्ट वीव्हर पुढे मोठा झाल्यावर चवीने सांगितली गेली. चाचणी कसली होती, कोणत्या परिस्थितीत घेतली, कोणी विचारत नाही. मोठा मॅनेजर शहाणा आणि खेळाडू मठ्ठ, असं ते चित्र. एखाद्या गरीब घरच्या मुलाला पाच वर्षांत पाच जणांनी पाच तऱ्हा सांगितल्या तर तो गोंधळणार नाही? त्याला बुद्ध्यांक कशाला लागतो?

आणि वीव्हरकडे तो १९५९ मध्येही होता. तेव्हा अॅबरडीनचा मॅनेजर वीव्हरच होता. तेव्हा का नाही सुधारला?

उलटी_गुगली

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणूनच मी चाचणीचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. दुसरा बिनतोड आहे. १९५९ मध्ये अॅबरडीनला वीव्हरच होता आणि तिथे डालकॉव्स्कीने २१ स्ट्राइकआउटचा नो-हिटरही (एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला, पण वॉक काही थांबले नाहीत. माझा अंदाज: १९५९ चा वीव्हर स्वतःच शिकाऊ होता आणि वरून रिचर्ड्सच्या पद्धती येत होत्या. १९६१ च्या हंगामात रिचर्ड्स ओरिओल्स सोडून ह्यूस्टनला गेला. वीव्हरला मोकळा हात मिळाला तो नंतर. पण हा अंदाजच.

आकडेमोड्या

अंदाज असला तरी आकडे त्याच बाजूला आहेत. दर इनिंगला वॉक काढले:

१९५७: २.०८
१९६०: १.५४
१९६१: १.९०
१९६२: ०.७१

एका वर्षात १.९० वरून ०.७१. वय वाढलं, समज आली वगैरे हळूहळू दिसतं. ही घसरण तशी नाही. आणि ही प्रगती वरच्या पायरीवर, क्लास ए मध्ये, जिथे बॅटर जास्त चांगले. स्ट्राइकआउट कमी झाले हे खरं, पण इनिंगमागे १.२ म्हणजे काही वाईट नाही हो.

वाचनमात्र

दारूवर कोणीच का बोलत नाही? सगळं खापर व्यवस्थापनावर?

डावखुरा

बोलू की. तो प्यायचा, विशीच्या आतच सुरुवात होती. संघातला त्याचा जोडीदार बो बेलिन्स्की, म्हणजे रात्रीचा राजा. दोघांच्या रात्री मायनर लीगमध्ये गाजलेल्या. पण गंमत बघा, बेलिन्स्कीला १९६१ च्या शेवटी एंजल्सने उचललं आणि मे १९६२ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये नो-हिटर टाकला. सवयी त्याच, दार वेगळं उघडलं. दारूने आयुष्य नासलं हे नक्की. करिअर दारूने नासलं हे सिद्ध करायला १९६२ आड येतं, तो त्या वर्षीही काही माळकरी नव्हता.

नवखी

मग ओरिओल्समध्ये जमत नव्हतं तर दुसऱ्या संघात का गेला नाही?

डावखुरा

जाऊच शकत नव्हता. तेव्हा 'रिझर्व्ह क्लॉज' होता. एकदा सही केली की संघ सोडेल किंवा विकेल तेव्हाच सुटका. खेळाडूला स्वतःहून जायचा हक्क नाही. तो नियम मोडला गेला १९७५ च्या डिसेंबरात, लवादाच्या निकालाने. बेलिन्स्की सुटला तो दुसऱ्या संघाला ड्राफ्टमधून निवडता आला म्हणून.

पोहे_विदाउट_शेव

आपला रिंकू सिंगसुद्धा आधी अमेरिकेत बेसबॉल खेळायचा ना? मग केकेआरमध्ये आला.

आकडेमोड्या

नाही हो नाही! दोन वेगळे रिंकू सिंग. यश दयालला शेवटच्या षटकात पाच षटकार मारणारा तो अलीगढचा क्रिकेटपटू. दुसरा रिंकू सिंगही उत्तर प्रदेशचाच, मूळचा भालाफेकपटू, डावखुरा पिचर. २००८ च्या एका टीव्ही स्पर्धेतून तो आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. बेसबॉल आधी कधी खेळले नव्हते. रिंकू वेस्ट व्हर्जिनियाच्या क्लास ए संघापर्यंत चढला, मग दुखापतींनी गाठलं. नंतर तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती खेळायला लागला. तोही वेगळ्या धाग्याचा विषय.

पोहे_विदाउट_शेव

अरेच्चा. 🙏

हार्टफर्डची_माई

खेळ संपल्यावर त्याचं काय झालं ते कोणी लिहा ना. इथल्या वर्तमानपत्रात २०२० मध्ये मृत्यूची बातमी आली होती एवढं आठवतंय.

उलटी_गुगली

माई, लिहितो, थोडक्यातच. या भागावर रडक्या सुरात पुष्कळ लिहिलं गेलंय.

१९६५ नंतर तो कॅलिफोर्नियात शेतमजुरी करायचा. सॅन वाकीन खोऱ्यात, स्थलांतरित मजुरांबरोबर. दारू वाढत गेली. १९७० मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्याच्यावर लेख छापला तेव्हा लोकांना नाव पुन्हा कळलं. जुन्या सहकाऱ्यांनी आणि खेळाडूंसाठीच्या मदतनिधीने व्यसनमुक्तीचे प्रयत्न केले, टिकले नाहीत. १९९४ मध्ये बहिणीने त्याला न्यू ब्रिटनला परत आणलं आणि एका शुश्रूषागृहात ठेवलं. दारूमुळे स्मृती बरीच गेली होती, मधल्या कित्येक वर्षांचं त्याला काही आठवत नसे. तिथे मात्र तो दारूशिवाय पंचवीस वर्षं जगला, हे कोणी ठळकपणे लिहीत नाही. २००३ मध्ये ओरिओल्सने त्याला बाल्टिमोरला बोलावून सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकायला लावला. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'बेसबॉल रेलिक्वरी' या संस्थेने सन्मान केला. एप्रिल २०२० मध्ये, ८० व्या वर्षी, कोविडने गेला.

हॉलिवूडवाल्यांनीही त्याचा अंश उचललाय. रॉन शेल्टन हा दिग्दर्शक स्वतः ओरिओल्सच्या मायनर लीगमध्ये खेळला होता, डालकॉव्स्कीच्या नंतर काही वर्षांनी. बसमध्ये ऐकलेल्या त्याच्या गोष्टींवरून त्याने 'बुल डरहॅम' या १९८८ च्या सिनेमातला बेलगाम पिचर रचला.

वाचनमात्र

पेन्शन वगैरे काही?

उलटी_गुगली

मायनर लीगच्या खेळाडूला कसलं पेन्शन. ते मेजर लीगच्या संघात दिवस भरले तरच. मायनरवाल्यांची संघटना होऊन पहिला सामूहिक करार झाला तो २०२३ मध्ये! तोवर उन्हाळ्यात खेळा, हिवाळ्यात मिळेल ते काम करा.

खडूस_आजोबा

हे मात्र आपल्याकडच्या जुन्या रणजीवाल्यांनी वाचावं असं आहे. त्यांची गोष्ट फार वेगळी नव्हती, फरक इतकाच की बँकेत किंवा रेल्वेत नोकरी मिळायची.

आणि एक कबूल करतो, वेगाच्या गोष्टी मी मानत नव्हतो आणि अजूनही ११० मानत नाही. पण ६२ इनिंगमध्ये २२ हिट हा आकडा खोडता येत नाही.

डावखुरा

त्याचं एक बेसबॉल कार्डही आहे बरं का. टॉप्स कंपनीचं, १९६३ चं, 'रुकी स्टार्स'. चार नवोदितांचे चेहरे एकाच कार्डावर, त्यात हा. कार्ड बाजारात आलं त्या मोसमात तो मेजर लीगमध्ये असायला हवा होता, होता मायनरमध्ये.

हार्टफर्डची_माई

ते कार्ड महाग आहे का? लेकाच्या मुंजीत... आपलं, वाढदिवसाला द्यावं म्हणते.

डावखुरा

माई, कोणत्या अवस्थेतलं हवं त्यावर आहे. त्याच मालिकेतल्या पीट रोझच्या चार चेहऱ्यांच्या कार्डाइतकं नक्कीच नाही, ते घर विकून घ्यावं लागेल. कोपरे झिजलेलं चालत असेल तर परवडेल. फक्त विकणाऱ्याचं रेटिंग बघून घ्या, नकली छापील कार्डं फार फिरतात.

आकडेमोड्या

डावखुरा, आता तो कोफॅक्सचा स्वतंत्र धागा काढाच. १९६१ ते ६६ चे आकडे मी देतो.

डावखुरा

काढतो, गणपती झाल्यावर.

खडूस_आजोबा

काढा. पण 'क्रमशः' लिहून पळू नका, मागच्या वेळचा भाग दोन अजून यायचाय.